एका ओळीत बारा वर्षं

माझा आजार मला डॉक्टरांनी सांगितला नाही, घरच्यांनीही नाही. मुरुम गावच्या एका अनोळखी म्हातारीनं सांगितला, आणि सांगताना ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

सोलापूरच्या दवाखान्यात एका लांब बाकावर आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. हे, म्हणजे आमचे मालक, केसपेपर काढायला खिडकीच्या रांगेत उभे होते. म्हातारीनं डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. फोलपटं ती खाली टाकत नव्हती, पदरात साठवत होती. तिनं चार दाणे माझ्या हातावर ठेवले.

"कुठली गं तू?"

"अणदूरची."

"कितवं सलाईन?"

"सलाईन न्हाय, मौशी. माझी साधी गाठ हाय. चरबीची. काढली की झालं."

तिचा हात थांबला. मग ती हसली. टोचून हसली नाही. चुकीच्या वर्गात येऊन बसलेल्या लेकराकडं बघून हसावं, तशी हसली.

"ह्या बाकावर साधी गाठ कुणाचीच न्हाय, बाई. जरा मान वर करून बघ की."

मी मान वर केली. मला ती सवय नाही. समोर बायका बसल्या होत्या, कुणाला रुमाल, कुणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, काहींना भुवयाही नव्हत्या. दारावरची पाटी मी आल्या आल्याच वाचली होती. मला वाचता येतं. 'कर्करोग विभाग' असं ठळक लिहिलं होतं. पण मला वाटलं होतं, आपल्याला पुढं दुसरीकडं जायचं असेल, वाट इथून असेल. घरच्या माणसानं साधी गाठ म्हटलं होतं. मग पाटी कितीही मोठी असली तरी ती दुसऱ्याची.

हे केसपेपर घेऊन आले. मी विचारलं, "मला कॅन्सर हाय का?"

"तुला कुणी सांगितलं?"

तेच उत्तर होतं. म्हातारी पदर सावरत उठली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

"आणखी कुणाला ठाऊक हाय?"

ह्यांनी केसपेपरची घडी घातली, परत उघडली. "समद्यास्नी ठाऊक हाय. वैनी म्हणल्या, पोथी पुरी हुईस्तवर तुला कळू द्यायचं न्हाय."

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना आक्का म्हणते. पोथीचं नाव निघाल्याबरोबर मला सगळा श्रावण आठवला, आणि त्या बाकावर बसल्या बसल्याच तो लुगडं उलटं व्हावं तसा उलटा झाला.

वाचणारी

मी चौथी शिकले. माहेरच्या गावात शाळा तेवढीच होती. पण वाचायची गोडी राहिली. किराणा बांधून आलेला कागदसुद्धा मी वाचून मगच चुलीत घालते. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाई श्रावणातल्या सोमवारी गल्लीतल्या बायका जमवून पोथी ऐकायच्या. वाचायला एक म्हातारे गृहस्थ यायचे. त्यांची नजर अधू झाली तेव्हा सासूबाईंनी पोथी माझ्यापुढं सरकवली. तेव्हापासून मीच वाचते.

मी लाजरी आहे. दुकानात अर्धा किलो साखर मागायची तरी मला आधी आवंढा गिळावा लागतो. लग्नाच्या पंगतीत मीठ आलं नाही तर अळणी खाऊन उठते. पण पोथी समोर असली की मान वर करावी लागत नाही. आवाज माझा असतो आणि बोलणं माझं नसतं. त्यामुळं मला तेवढं जमतं. बायका म्हणायच्या, "एरवी मुकी, आन् पोथीपुढं कशी कोकिळा हुती बघा."

आमच्या पोथीत एका राणीची गोष्ट आहे. राज्य जातं, राजा परमुलखात जातो, राणी दुसऱ्याच्या घरी दळण दळते. अंगावर धड वस्त्र नसतं, तरी धरलेला नेम ती सोडत नाही. शेवटी राजा येतो, राज्य येतं. खरं सांगायचं तर पोथीतल्या सगळ्याच गोष्टी थोड्याफार अशाच आहेत. कुणी रानात राहतं, कुणी मुकं होऊन राहतं, कुणाला सवत छळते. जी टिकते तिला मिळतं. जी मध्येच सोडते तिचं पुढं नावसुद्धा येत नाही. इतकी वर्षं वाचून ते माझ्या हाडात उतरलं होतं. दुखलं तर सोसावं, धरलेलं सोडू नये, फळ मिळतंच.

तो श्रावण

आषाढात न्हाताना छातीत गाठ हाताला लागली. लाजेनं काही दिवस गप्प बसले, मग आक्कांना सांगितलं. एकाच अंगणात आमची दोन घरं आहेत. आक्कांनी त्याच दिवशी ह्यांच्या मागं लागून मला सोलापूरला पाठवलं. हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. तिथं सुई घालून तपासणी झाली. रिपोर्ट आणायला हे आणि भावजी, म्हणजे आक्कांचे मालक, गेले होते. परत आले तेव्हा मी भाकऱ्या करत होते. हे दारात उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "चरबीची हाय. सवडीनं काढू."

मी तव्यावरची भाकरी उलटली. मला इतकं हलकं वाटलं की एक भाकरी जास्तीची केली.

त्याच आठवड्यात आक्का म्हणाल्या, "औंदा पोथी नुसती सोमवारी न्हाय. श्रावणभर, रोज लावायची."

"कशासाठी, आक्का?"

"कशासाठी म्हणजे? देवाचं नाव घ्यायला कारण लागतंय व्हय?"

पोथी लावताना संकल्प सोडतात. ज्यानं पोथी लावली तो तळहातावर पाणी घेतो, कुणाच्या भल्यासाठी हे वाचन आहे ते मनात म्हणतो आणि पाणी ताम्हनात सोडतो. आक्कांनी पाणी घेतलं. डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते आणि अर्धं पाणी पाटावरच सांडलं. मी मनात म्हटलं, आक्का आता थकल्या.

रोज वाचन झालं की तीर्थ द्यायचं. पहिलं तीर्थ आक्का मला द्यायच्या. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही मलाच पहिलं मिळालं तेव्हा मला वाटलं, वाचणारीचा मान असेल. इतकी वर्षं दिला नव्हता, आता उमगलं असेल.

त्या श्रावणात बायका कशा बसायच्या ते सांगते. एरवी आमच्या पोथीला कुणी तांदूळ निवडत बसतं, कुणी लेकराला पाजत असतं, म्हैस ओरडली की मधूनच एखादी उठून जाते. त्या वर्षी कुणी हललं नाही. दिवसभर सोयाबीन खुरपून आलेल्या बायका माझ्याकडं टक लावून बसायच्या. राणीचा अध्याय आला त्या दिवशी सगळ्या रडल्या. एकसुद्धा राहिली नाही. माझी लेक मनीषा माकणीला दिली आहे, ती पोथीसाठी म्हणून राहायला आली होती. ती तर उठून न्हाणीत गेली आणि तोंड धुऊन आली.

मला वाटलं, माझं वाचन आता साधलं.

हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात. मी रात्री झोपताना उद्याचा अध्याय मनात घोळवायचे. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी इतकं मन लावून ऐकत होतं. मनीषा रोज माझे केस विंचरायची, तेल लावायची. "आई, किती दाट हाईत गं तुझे," म्हणायची. लग्नाआधी तिनं कधी माझ्या डोक्याला हात लावला नव्हता. सासरी जाऊन लेक शहाणी झाली म्हणून मी सुखावले.

त्या श्रावणात मी सुखात होते. तेच मला सर्वात जास्त लागतं.

मध्ये गाठ दुखायला लागली. मी आक्कांना म्हटलं, एकदा जाऊन दाखवू का? त्या म्हणाल्या, "लागलेली पोथी सोडून वाचणारीनं शीव ओलांडू न्हाई. एवढी समाप्ती हू दे." मलाही ते पटलं. राणीनं नाही का दळता दळता हाताला फोड आले तरी नेम सोडला नाही. मी दंड अंगाशी दाबून धरायचे आणि वाचायचे. समाप्ती झाली, मगच ह्यांनी मला सोलापूरला नेलं.

डॉक्टरांचा प्रश्न

बाकावरून आत गेलो तेव्हा डॉक्टरांनी ह्यांच्याकडं न बघता मला विचारलं, "तपासणी होऊन इतके दिवस झाले. होता कुठं?"

हे केसपेपरची घडी उलगडायला लागले.

मी म्हटलं, "पोथी वाचत होते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले, एकदा माझ्याकडं, एकदा ह्यांच्याकडं. मग मला सावकाश सगळं सांगितलं. आधी सलाईनं, मग ऑपरेशन, मग मशीनचे शेक. चौथीच्या बाईला समजेल असं सांगितलं, आणि मला समजलं. ते ऐकताना मी घाबरले, पण त्या सगळ्या महिन्यांत खरी अशी ती पहिलीच गोष्ट कानावर पडली होती. तिच्यावर पाय टेकता येत होता.

पुढं ऑपरेशनात एका बाजूचं सगळं काढावं लागलं. लवकर आले असते तर राहिलं असतं का, असं मी नंतर विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आता तसा विचार करायचा नाही." त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे.

आक्का

त्या दिवशी घरी आलो तर आक्का उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन उभ्या. माझ्यावरून ओवाळून टाकायला. मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक हुतं."

त्यांनी भाकरतुकडा खाली ठेवला. "व्हय."

"मनीषाला?"

"मीच फोन करून बोलावली तिला."

"आन् गल्लीतल्या समद्या? ती दुधवाली? सुताराची सून?"

"तुला सांगून काय करणार हुतीस गं तू? भाकरीला कोण बसलं असतं? रडत बसली असतीस निसती."

"रडले असते की. माझंच हुतं ते रडणं. तुम्ही समद्यांनी बसून माझ्या वाटणीचं रडून घेतलंत."

एवढं लांब मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनाही ते नवीन होतं. त्या म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी चप्पल सोडलीया. तू उठून चालायला लागुस्तवर घालणार न्हाई." मी खाली बघितलं. खरंच, टाचा फुटून काळ्या पडल्या होत्या. श्रावणभर त्या चिखलातून अनवाणी रानात जात होत्या आणि मी ते बघितलंही नव्हतं.

आक्कांनी माझ्यासाठी चप्पल सोडली, गोड सोडलं, झोप सोडली. फक्त एक खरं वाक्य तोंडातून सोडवलं नाही. मला तेवढंच हवं होतं.

आमच्या गावचा खंडोबा वर्षातून पावणेदोन महिने नळदुर्गाला राहायला जातो आणि मग परत येतो. देव एवढा मोठा, पण त्याला हलवायचं तरी दोन्ही गावचे मानकरी समोरासमोर बसतात, सगळ्यांदेखत बोलणं होतं, कधी न्यायचा, कधी आणायचा. दगडाच्या देवाला सांगून सवरून नेतात. माझ्या देहाचं काय करायचं ते मात्र माझ्यामागं ठरलं, आणि पोथीचं पान माझ्या हातात दिलं.

असे दिवस

देव नळदुर्गाला गेला तेव्हा माझी सलाईनं चालू होती. परत आला तेव्हा ऑपरेशनचे टाके ओले होते.

सलाईनच्या दिवशी पहाटेची एसटी धरायची. गेल्यावर वजन, मग रक्त, मग बाक. सिस्टर नावं पुकारते, तोवर ज्याची त्याची शिदोरी सुटते. सलाईन चढताना काही वाटत नाही. फक्त तोंडात खिळा धरल्यासारखी चव येते. खरं काय ते दुसऱ्या दिवशी सुरू होतं. भाकरीचा वास नको वाटतो, माणसाचा नको वाटतो, आपल्याच हाताचा नको वाटतो. मनीषानं इतकं तेल लावलेले केस एका सकाळी उशीवरच राहिले. मी ते गोळा केले आणि कुठं टाकावे ते कळेना म्हणून बराच वेळ हातात धरून बसले. हे आले, त्यांनी काही न बोलता माझ्या हातातून घेतले आणि बाहेर गेले. कुठं टाकले ते मी विचारलं नाही.

हे वाईट वागले नाहीत. दवाखान्याच्या व्हरांड्यात पोत्यावर झोपले, माझी ओकारी साफ केली. पण बाकावरच्या त्या दिवसापासून ते मला सगळंच सांगायला लागले. आज दुधात पाणी हाय. आज एसटी उशिरा हाय. आज बैलानं चारा खाल्ला न्हाय. दारातून आत येता येताच सुरू. ते का बोलतात ते मला कळत होतं. तरी ते साखर संपली म्हणाले की मी उठून डबा उघडून बघते. अजून बघते. भरवसा म्हणजे काही उतू गेलेलं दूध नव्हे, की चूल पुसली आणि झालं.

पोटात एकच गोष्ट टिकायची, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. आणि ते आक्कांच्या हातचं. माझ्या हातचंही ओकून पडायचं. आक्का बोलत नव्हत्या, मी बोलत नव्हते, पण माडग्याचा डबा सकाळी उंबऱ्यावर असायचा. राग धरून मी तो रिकामा करायचे आणि घासून परत उंबऱ्यावर ठेवायचे.

मुरुमची मौशी बाकावर भेटायची. तिनं मला लिंबाची फोड दाताखाली धरायला शिकवलं, उशीला जुनं सुती धोतर घालायला शिकवलं. तिचं दुखणं तिसऱ्यांदा उलटून आलं होतं. मी म्हटलं, "मौशी, तुमची लई चिकाटी." ती म्हणाली, "चिकाटी कशाची गं! एसटी येती, मी बसती." पुढं एकदा ती आली नाही, त्याच्या पुढंही नाही. सिस्टरला विचारायला मला आवंढा गिळावा लागला, पण विचारलं. "त्या आता येत नाहीत," एवढंच ती म्हणाली. मौशीनं एकही फेरी चुकवली नव्हती. पोथीच्या हिशेबानं तिला सगळं मिळायला पाहिजे होतं.

ती ओळ

अंगात थोडी शक्ती आली तेव्हा मी पोथी काढली. वाचायला नाही. भांडायला काढली.

राणीचा अध्याय उघडला. राज्य जातं तिथं पुष्कळ ओव्या आहेत. राजा परत येतो तिथं तर विचारूच नका, हत्ती, तोरणं, पंगती. आणि मधे काय आहे? अशी बारा वर्षं लोटली, एवढंच. एक ओळ. मी इतकी वर्षं ती ओळ एका दमात वाचून पुढच्या हत्तींकडं धावत होते. बायकाही हत्ती यायची वाट बघायच्या. त्या एका ओळीत राणीनं काय खाल्लं, तिला कशाचा वास नको झाला, कोण तिच्याशी खोटं बोललं, एखाद्या सकाळी तिला उठावंसंच वाटलं नाही का, काही लिहिलेलं नाही. ज्यानं लिहिलं त्याला तिचं टिकणं हवं होतं. टिकते कशी ते बघायला तो थांबला नाही.

आणि आणखी एक दिसलं. घर सोडायच्या आधी राजा राणीला समोर बसवून सांगतो की सगळं गेलं, आता हे असं आहे. ती ऐकते, आणि मग जात्यावर बसते. तिला ठाऊक होतं ती कशासाठी दळते आहे. तिला कुणी 'सवडीनं काढू' म्हणून जात्यावर बसवलं नव्हतं. सोसणारीला आपण काय सोसतोय ते तरी सांगतात. माझ्या हातून ते काढून घेतलं आणि वर माझ्याचकडून पोथी वाचून घेतली.

पोथी बांधून मी फडताळात वरच्या खणात ठेवली.

कमल

शेक संपले, डोक्यावर लव आली, दंड वर जायला लागला. मधे मधे दाखवायला जायचं, एवढंच राहिलं. परत आषाढ आला. एका दुपारी आक्का आमच्या घरात आल्या. वर्षानं आत आल्या. पायात चप्पल होती.

"पोथी लावायची हाय," त्या म्हणाल्या. "कमलसाठी."

कमल म्हणजे शेजारची, माझ्या मनीषाहून थोडी मोठी. मला काकू म्हणते. हसरी, तोंडाळ.

"काय झालं कमलला?"

"तुझ्यावाणीच. कालच रिपोर्ट आला. तिला सांगितलेलं न्हाय. नवरा हात जोडून गेला माझ्याकडं. म्हणला, कळलं तर ती खचंल, लेकरं ल्हान हाईत. तू वाच. तू वाचलीस आन् तुला गुण आला."

"मला गुण सोलापूरला आला, आक्का."

"तितं बी देवच असतो. श्रावणभर वाचू, मग नेतील तिला."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मला नाही म्हणता येत नाही. आक्कांनी ते हो धरलं आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी कमलच आली, कापूस घेऊन. "आक्कांनी सांगितलं, वाती वळायला बसा म्हणून." माझ्या पुढ्यात मांडी घालून बसली आणि भराभर वाती वळायला लागली. सासूची नक्कल केली, मास्तरांची केली. मला हसू येईना. मग ती सहज म्हणाली,

"काकू, औंदा परत श्रावणभर पोथी. कुणासाठी हाय ओ?"

हाच प्रश्न मी विचारला होता. देवाचं नाव घ्यायला कारण लागतंय व्हय, हे उत्तर माझ्या तोंडात तयारही होतं. तिच्या नवऱ्याचे जोडलेले हात मला दिसत होते. तिची लेकरं अंगणात खेळत होती. तिच्या घरात बोलायचा मला काय अधिकार? मी दोनदा आवंढा गिळला.

"तुझ्यासाठी," मी म्हटलं.

आणि मग जे होतं ते सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तसं, सावकाश.

कमल वात वळतच राहिली. वात लांबत गेली, मांडीवरून खाली लोंबायला लागली, तरी तिचे हात थांबेनात. मी तिच्याकडं बघत बसले. मान खाली घातली नाही. वात तुटली तेव्हा ती म्हणाली, "तरीच. नवरा इतका ग्वाड का बोलायलाय म्हणलं." आणि मग रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही. तिचं होतं ते रडणं.

डोळे पुसून तिनं विचारलं, "सोलापूरला कवा जायचं?"

"उद्या. मी येते संगं."

"आन् पोथी?"

"पोथीला कुठं जायचंय? ती हितंच हाय."

त्या संध्याकाळी आक्का अंगणात उभ्या राहून मला बोलल्या, गल्लीला ऐकू जाईल असं. "जन्मभर तोंडातून शब्द न्हाय फुटला, आन् फुटला तर असला! कुणी सांगितलं हुतं तुला तिचं घर मोडायला?" कमलचा नवरा माझ्या दारावरून जाताना थुंकला. हे मात्र अंगणात आले, माझ्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "वैनी, बास." तेवढंच म्हणाले. आत आल्यावर मी त्यांना चहा दिला. साखर डब्यात किती आहे ते त्या दिवशी बघितलं नाही.

या श्रावणात पोथीचं वाचन माझ्याकडं नाही. आक्कांच्या ओसरीवर मोबाईलवर लावतात. मोबाईलमधली बाई फार छान वाचते म्हणे. तिला कुणी काही विचारत नाही, ती कुणाला काही सांगत नाही. बायका मला पाण्यावर भेटल्या तर हंडा उचलून पुढं जातात. मला ते लागतं. नाही लागत असं लिहिणार नाही.

पण कमलच्या पहिल्या सलाईनच्या सकाळी उंबऱ्यावर माडग्याचा डबा होता. मी तो पिशवीत घातला.

बाक तोच होता. कमलचा नवरा केसपेपरच्या रांगेत होता, माझ्याकडं बघत नव्हता. कमलचे हात गार पडले होते. ती म्हणाली, "काकू, राणीची गोष्ट सांगा की. पोथी नसली म्हणून काय झालं, तुम्हाला पाठच हाय."

मी सांगायला लागले. राज्य गेलं. राजा निघाला. राणी जात्यावर बसली. अशी बारा वर्षं... आणि मी थांबले.

"मग?"

"थांब. हितं पोथीनं लई घाई केलीया." मी म्हटलं, "पयल्या दिवशी घरी जाताना राणीनं रिक्षात उलटी केली."

कमल माझ्याकडं बघायलाच लागली. "राणीनं?"

"व्हय. रिक्षावाला लई बोलला तिला. दुसऱ्या दिवशी तिला भाकरीचा वास सोसंना. तिसऱ्या दिवशी ती आपल्या नवऱ्यावर वस्कन वरडली. मग एक मौशी भेटली, तिनं तिला लिंबाची फोड दिली."

समोरच्या बाकावरची एक बाई रुमाल कानामागं सारून ऐकायला लागली होती. कमल हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा परत लहान झाला.

"काकू, पर राणीला आधी ठाऊक हुतं का, हे असं हुणार म्हणून?"

"व्हय," मी म्हटलं. "तिला समदं आधी सांगितलं हुतं."